रॉड चिकटतोय? मशीन उघडण्याआधी केबल तपासा
वाचकांचे प्रश्न : वेल्डिंगची रबरी केबल

प्रश्न : आमच्याकडे ४०० अँपिअरचा तेलाचा ट्रान्सफॉर्मर आहे. शेड वाढवल्यावर होल्डरची (रॉड धरणाऱ्या चिमट्याची) आणि अर्थिंगची, दोन्ही केबल ३०-३० मीटरच्या केल्या. दोन्ही ३५ स्क्वेअर (चौरस मिमी), तांब्याच्या. तेव्हापासून ४ मिमीचा रॉड चिकटतो. करंट वाढवला की केबल तापते. मेकॅनिकच्या मते मशीन ठीक आहे.
– फॅब्रिकेटर, शिरोली एमआयडीसी

उत्तर : मेकॅनिक बरोबर सांगतोय. करंट होल्डरच्या केबलने जातो ३० मीटर आणि अर्थिंगच्या केबलने परत येतो ३० मीटर, म्हणजे हिशेब ६० मीटरचा करायचा. ३५ स्क्वेअर तांब्याचा रोध किलोमीटरला साधारण ०.५५ ओहम असतो, म्हणजे ६० मीटरला ०.०३३ ओहम. ४ मिमीच्या रॉडला १८० अँपिअर धरले तर केबलमध्येच ६ व्होल्ट जातात. त्या करंटला आर्कला, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या ज्योतीला, लागतात २७ व्होल्टच्या आसपास. शिवाय ६ गुणिले १८०, म्हणजे हजारावर वॅट नुसते केबल तापवण्यात जातात. तापलेल्या तांब्याचा रोध आणखी वाढतो, त्यामुळे दुपारनंतर तक्रारही वाढते. इन्व्हर्टर मशीन असते तर त्याने काही मर्यादेपर्यंत व्होल्टची ही घट भरून काढली असती. ट्रान्सफॉर्मरला ते जमत नाही, त्याचा करंट सरळ खाली येतो.

तेवढ्याच लांबीला ५० स्क्वेअर घातली तर घट सव्वाचार व्होल्टवर येते, ७० घातली तर तीनच्या आत. तुमच्या कामाला ७० घ्या. मात्र ७० स्क्वेअरची केबल दिवसभर मनगटावर पेलत नाही, म्हणून होल्डरकडचे शेवटचे ४-५ मीटर ३५ चेच ठेवा आणि मध्ये आवरणवाला कनेक्टर लावा. अर्थिंगची केबल पूर्ण ७० ची हवी. बहुतेक शॉपमध्ये होल्डरला नवी केबल आणि अर्थिंगला उरलीसुरली असा प्रकार असतो. करंट मात्र दोन्हींतून सारखाच जातो.

याहून स्वस्त उपाय म्हणजे ट्रान्सफॉर्मरच कामाजवळ न्यायचा आणि ४१५ व्होल्टची सप्लाय केबल वाढवायची. त्या बाजूला करंट बराच कमी असल्याने घट नगण्य राहते. पण ती केबल आर्मर्ड (पोलादी तारांचे कवच असलेली) हवी आणि जमिनीवरून नको. ते काम परवानाधारक वायरमनलाच द्या.

क्षमतेचे आकडे वाचताना एक पथ्य पाळा. ३५ स्क्वेअर रबरी केबलला सतत कामासाठी २२५ अँपिअर आणि ६० टक्के ड्यूटी सायकलला (एकूण वेळेच्या ६० टक्केच करंट चालू) २९० असे तक्ते सांगतात, पण ते साधारण २५ अंश हवेतले असतात. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली ४० अंश असताना त्यातून १०-१५ टक्के वजा करा. आणि ते तक्ते फक्त तापण्याचा विचार करतात, लांबीमुळे पडणारी घट त्यांत धरलेली नसते. तुमची चूक नेमकी तिथे झाली.

प्रश्न : ५० स्क्वेअरची केबल एका दुकानात निम्म्या भावात मिळते. दुकानदार म्हणतो तांबेच आहे. कसे ओळखावे?
– वाचक, सांगली

उत्तर : तराजूवर. एक मीटर तुकडा कापून घ्या, रबर आणि आतला कागद काढा आणि फक्त तारांचे वजन करा. तांबे असेल तर ग्रॅमला ८.९ ने भागले की साधारण स्क्वेअर मिलिमीटर मिळतात. ५० स्क्वेअरला ४४० ते ४६० ग्रॅम भरायला हवेत. ३४० भरले तर ती ३८ स्क्वेअरची केबल ५० म्हणून विकली जातेय. बाहेरच्या जाडीवर जाऊ नका, जाड रबर चढवून बारीक केबल जाडजूड दिसते.

वजन १३०-१५० ग्रॅम भरले तर ते ॲल्युमिनियम. दीडशेच्या पुढे १८० पर्यंत भरले आणि रंग तांब्याचा असला तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघेल. गॅसच्या ज्योतीत धरली तर तांब्याची तार लाल होऊन टिकते, मुलाम्याची वितळून गळते. तार वरून रुपेरी दिसली म्हणून लगेच ॲल्युमिनियम समजू नका. रबरातल्या गंधकाने तांबे काळे पडू नये म्हणून कथिलाचा मुलामा देतात. खरवडल्यावर आत लाल दिसले की ते तांबे.

ॲल्युमिनियम म्हणजे फसवणूकच असे नाही. आयएस ९८५७ या भारतीय मानकात तांब्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या अशा दोन्ही वेल्डिंग केबल बसतात, फक्त तसे सांगून विकायला हवे. ५० तांब्याच्या जागी ९५ ॲल्युमिनियम धरा, ७० थोडी कमी पडते. एका जागी पडून राहणाऱ्या अर्थिंगच्या केबलला ती चालते. होल्डरला लावू नये असे आमचे मत आहे. होल्डरच्या मानेजवळ सतत वाकून तारा तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही.

प्रश्न : होल्डरजवळचे थिंबल (केबलच्या टोकाला दाबून बसवलेले धातूचे नळीदार टोक) जळते. दर दोन-तीन महिन्यांनी बदलतो.
– वेल्डर, भोसरी

उत्तर : थिंबल बदलता, पण काळी पडलेली तार तीच राहत असावी. लालचकचकीत तांबे लागेपर्यंत केबल मागे कापत जा, अर्धा फूट गेली तरी चालेल. थिंबलच्या नळीच्या लांबीपेक्षा २-३ मिमी जास्त रबर सोला. सोलताना पात्याने बाहेरच्या तारा कापल्या जाणार नाहीत हे बघा. थिंबल केबलच्याच मापाचे हवे. ७० च्या थिंबलात ५० ची केबल घालून तारांचे तुकडे ठोकू नका. मापाचा षट्कोनी डाय लावून हायड्रॉलिक टूलने दोन ठिकाणी दाबा. हातोड्याने चपटे केलेले थिंबल पहिल्या दिवशी घट्ट वाटते, पण आत पोकळी राहते. कथिलाने झाळणेही नको. कथिल-शिशाचे नेहमीचे झाळण १९० अंशांच्या आतच वितळू लागते, आणि झाळलेला भाग ताठ झाल्यावर तार नेमकी त्याच्या कडेला तुटते.

मशीनच्या बोल्टवर थिंबल थेट टर्मिनलला टेकवा, वायसर (वॉशर) त्यानंतर आणि मग नट. बरेच जण लोखंडी वायसर मध्ये घालतात, त्यामुळे सगळा करंट लोखंडातून जातो.

जोड चांगला झाला का, हे मल्टिमीटर सांगतो. कोणीतरी वेल्डिंग करत असताना एक टोक थिंबलला आणि दुसरे सोललेल्या तारेत खुपसून व्होल्ट मोजा. २०० अँपिअरला १०-२० मिलिव्होल्ट म्हणजे उत्तम. अर्धा व्होल्ट दिसला तर त्या जोडात १०० वॅट उष्णता होतेय, म्हणजे शंभर वॅटचा सोल्डरिंग आयर्न थिंबलात ठेवल्यासारखेच.

प्रश्न : बांधकामावर अर्थिंगची केबल न ओढता सळईवरून करंट परत आणतात. चालते का? पावसात होल्डरचा झटकाही बसतो.
– साइट सुपरवायझर, चिपळूण

उत्तर : चालत नाही. सळया बांधणीच्या तारेने जोडलेल्या असतात, प्रत्येक गाठ हा एक कच्चा सांधा असतो. करंट वाट मिळेल तिकडून जातो : चेन ब्लॉकच्या साखळीतून, क्रेनच्या दोरातून, मिक्सरच्या बेअरिंगमधून. कधी मशीनच्या संरक्षक अर्थच्या वायरमधून जाऊन ती जाळतो, आणि मग साइटवर अर्थच उरत नाही. क्लॅम्प ज्या तुकड्यावर काम चालू आहे त्यावरच लावा, रंग आणि गंज घासून.

झटक्याचे कारण म्हणजे आर्क नसताना टर्मिनलवर ७०-८० व्होल्ट एसी असतात. कोरड्या कातडीलाही त्यांचा झटका बसू शकतो, घामाने किंवा पावसाने भिजलेल्याला ते जीवघेणे ठरतात. काळ्या टेपचा जोड पाण्यात आवरण म्हणून कामाचा नाही. होल्डरपासून पहिल्या ३ मीटरमध्ये एकही जोड नको (अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमांतही हीच मर्यादा आहे) आणि पुढे लागलाच तर बंद रबरी कनेक्टर वापरा. रॉड बदलताना कोरडा, न फाटलेला हातमोजा घाला, केबल खांद्यावर गुंडाळू नका आणि पायाखाली कोरडी फळी घ्या. मशीनला व्हीआरडी, म्हणजे आर्क नसताना व्होल्टेज उतरवणारे साधन, बसवून मिळते. कोकणात ते घ्याच.

प्रश्न : उरलेली केबल लोखंडी ड्रमवर गुंडाळून ठेवून काम केले तर?
– वाचक, जालना

उत्तर : आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही, रबर मऊ होऊन एकमेकांना चिकटते. एसी मशीनवर एकटी होल्डरची केबल लोखंडावर गुंडाळली तर तिचा चोक, म्हणजे करंट अडवणारी कॉइल, होतो आणि करंट घटतो. काम सुरू करण्याआधी पूर्ण उलगडा, नागमोडी पसरा आणि होल्डरची व अर्थिंगची केबल शेजारी-शेजारी न्या.