वाचकांचे प्रश्न : देवाचे तेज आणि रविवारची उपासना

या महिन्यात आलेली बरीच पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरतात: उपासनेत देवाचे तेज पाहून माणूस बदलतो म्हणतात, ते घडते कसे? म्हणून ती एकत्र घेतली आहेत. वचनांचे क्रमांक दिले आहेत. पवित्र शास्त्र शेजारी उघडे ठेवूनच वाचावे.

दर रविवारी नेमाने मंडळीत जातो. ‘प्रभूचे तेज पाहिले की रूपांतर होते’ हे प्रवचनात ऐकतो. मला आजवर काहीच दिसलेले नाही. नेमके काय पाहायचे असते? — एक वाचक, मिरज

‘तेज’ म्हटले की डोळ्यांपुढे उजेड येतो आणि पहिली गफलत इथेच होते. जुन्या करारातला इब्री शब्द ‘काबोद’ हा ‘जड असणे’ या धातूपासून आला आहे. मराठीत आपणही म्हणतोच, अमक्याच्या शब्दाला वजन आहे. ‘गौरव’ हा शब्दसुद्धा ‘गुरू’ म्हणजे जड, यावरून झालेला. देव जो आहे त्याचे वजन आपल्या मनावर पडणे, हा या शब्दाचा गाभा.

आता निर्गम 33:18 पाहा. मोशे म्हणतो, मला तुझे तेज दाखव. देव उत्तर देतो की मी माझे सगळे चांगुलपण तुझ्यापुढून नेईन आणि माझे नाव तुझ्यासमोर पुकारीन. मुख मात्र दिसणार नाही. मग मोशेला खडकाच्या भेगेत उभे करून 34:6-7 मध्ये तो जे देतो, ते आहेत शब्द: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, दया व सत्य यांनी भरलेला, अपराधांची क्षमा करणारा, तरीही दोषाकडे डोळेझाक न करणारा. हे केव्हा घडले ते विसरू नये. लोकांनी सोन्याचे वासरू करून फार दिवस झाले नव्हते, दहा आज्ञांच्या पहिल्या पाट्या फुटल्या होत्या. ‘मंदक्रोध’ हा शब्द मोशेने त्या तुकड्यांच्या आठवणीसह ऐकला.

याच भेटीनंतर मोशेचा चेहरा तेजस्वी झाला; पौल तो प्रसंग 2 करिंथ 3 मध्ये घेतो. करिंथ हे शहर काशाच्या कामासाठी प्रसिद्ध होते आणि त्या काळचे आरसे घासून चकचकीत केलेल्या धातूचे असत. 3:18 मधल्या ग्रीक क्रियापदाचे दोन अर्थ होतात: आरशात पाहणे आणि आरशासारखे प्रतिबिंब पाडणे. आपल्या मराठी शास्त्रात दुसरा अर्थ घेतला आहे. आमच्या मते दोन्ही धरावेत, कारण आरशात काय उमटते ते त्याचे तोंड कुठे वळले आहे यावर ठरते. ‘रूपांतर होत आहे’ हे क्रियापदही चालू क्रियेचे आहे; एका रविवारी उरकणारे हे काम नव्हे. पुढे 4:6 मध्ये पौल पत्ताच देतो: देवाचे तेज ख्रिस्ताच्या मुखावर आहे. म्हणजे पाहायचे ते शुभवर्तमानातल्या येशूकडे. तो कुष्ठरोग्याला हात लावतो, शिष्यांचे पाय धुतो, वधस्तंभावरून आपल्याला मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो. योहानाच्या शुभवर्तमानात (12:23) येशू आपल्या मरणालाच ‘गौरव होण्याची वेळ’ म्हणतो.

आपल्या पत्रात ‘मला काही वाटले का’ हा प्रश्न तीनदा आला आहे. उपासनाभर माणूस स्वतःच्या मनाचीच नाडी धरून बसला, तर आरसा आतल्या बाजूला वळलेला राहतो. आणि निर्गम 34:29 आपल्या धीरासाठी आहे: मोशेचा चेहरा तेजस्वी झाला होता, हे मोशेला माहीतच नव्हते. ते दिसले अहरोनाला आणि लोकांना.

चित्रांत आणि मूर्तींत मोशेला शिंगे का असतात? — इयत्ता नववीचा एक वाचक

मोशेच्या तेजस्वी चेहऱ्याच्या वचनात (निर्गम 34:29) ‘किरणे फाकणे’ या अर्थाचे इब्री क्रियापद आणि ‘शिंग’ हा शब्द एकाच मुळाचे आहेत. जेरोम या प्राचीन पंडिताच्या लॅटिन भाषांतरात ‘शिंगे असलेला’ असा अर्थ घेतला गेला आणि चित्रकार-शिल्पकार त्यामागे गेले. मायकेलअँजेलोने घडवलेला रोममधला मोशे म्हणूनच शिंगांचा आहे. मराठी शास्त्रातला ‘तेजस्वी’ हा अर्थ बरोबर आहे.

तरुण संघाकडे एका रविवारची संपूर्ण उपासना सोपवली आहे. वेळ सव्वा तासाचा. गाणी छान होतात, पण ‘कार्यक्रम’ वाटतो. क्रम कसा लावावा? — संघाची सचिव, अहिल्यानगर

यशया 6:1-8 समोर ठेवा. त्या आठ वचनांत क्रम तयार आहे. आधी यशया प्रभूला उंच सिंहासनावर पाहतो, सराफीम या पंख असलेल्या स्वर्गीय सेवकांचे ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ ऐकतो. मग स्वतःच्या अशुद्ध ओठांविषयी आकांत करतो. वेदीवरचा निखारा ओठांना लागून पाप दूर होते. त्यानंतर वाणी ऐकू येते आणि शेवटी ‘मला पाठव’. स्तुती, पापकबुली, क्षमेची घोषणा, वचन, पाठवणी. बहुतेक ठिकाणी बिघडते ते कबुली आणि क्षमेपाशी: एक तर दोन्ही गाळली जातात, नाहीतर कबुली घेऊन क्षमेचे वचन वाचलेच जात नाही, आणि लोक ओझे घेऊन प्रवचनाला बसतात. 1 योहान 1:9 मोठ्याने, सावकाश, लोकांकडे पाहून वाचा.

75 मिनिटांची ढोबळ वाटणी अशी: उपासनेस पाचारण व स्तुतीची दोन गीते 13 मिनिटे, कबुली व क्षमा 7, शास्त्रपाठ 8, प्रवचन 22, मध्यस्थीची प्रार्थना 9, अर्पण व त्याचे गीत 7, शेवटचे गीत आणि आशीर्वाद 6. तीन मिनिटे हाताशी ठेवा. प्रभुभोजन असेल तर प्रवचन 15 वर आणा, शास्त्रपाठ कापू नका. निवेदने पाचारणाच्या आधी उरकून घ्या. पाहुण्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार उपासनेच्या मध्ये मुळीच नको. ज्या घटकेला मंडळीने देवाच्या गौरवाकडे पाहायचे, त्या घटकेला आपण तिचे तोंड माणसाच्या गौरवाकडे वळवतो. तो सत्कार चहाच्या वेळी तितकाच आदराने करता येतो.

गीते निवडताना शब्द वहीत उतरवा. देव कोण आहे, त्याने काय केले, हे सांगणाऱ्या ओळींखाली रेघ ओढा. सगळ्या ओळींत ‘मी आलो, मी गातो, मला वाटते’ एवढेच उरले, तर ते गीत सुरुवातीला घेऊ नका; क्षमेनंतर ते शोभेल. सुराकडेही लक्ष असावे. गायकाला सोयीची पट्टी मंडळीला उंच पडते आणि दुसऱ्या कडव्यापासून लोक गप्प होतात. चालीतला सर्वांत वरचा स्वर पांढरी दोनच्या (D), फार तर पांढरी तीनच्या (E) वर जाऊ देऊ नका. त्या हिशेबाने पेटीवर सा धरा. नवे गीत एकच, आणि तेही उपासनेआधी पाच मिनिटे शिकवून. मंडळीचा आवाज पुढच्या बाकावर ऐकू येत नसेल तर स्पीकर कमी करा.

कबुलीच्या वेळी पूर्ण दोन मिनिटे शांतता ठेवा, घड्याळ लावून. चालवणाऱ्याला ती पाच मिनिटांची वाटते आणि तो घाबरून ‘हालेलुया’ म्हणतो किंवा कीबोर्डवाला हळूच सूर धरतो. दोघांना आधी सांगून ठेवा. 1 राजे 8:10-11 मध्ये मेघाने मंदिर भरले तेव्हा याजकांना सेवेसाठी उभेही राहता आले नाही. आपल्या हालचाली थांबण्यालाही उपासनेत जागा आहे. शास्त्रपाठ वाचणाऱ्याने घरी तीनदा मोठ्याने वाचून यावे, माईक तोंडापासून वीतभर दूर धरावा, आणि वाचण्यापूर्वी मनात पाच आकडे मोजावेत. हा भाग आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचीच तयारी सर्वांत कमी होते.

प्रार्थनासभेत काहीजण रडतात, थरथरतात. तेच खरे दर्शन का? ज्यांना होत नाही ते कमी का? — एक वाचक, सोलापूर

नाही, कमी नाहीत. अश्रू खरे असू शकतात. 1905 साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या मुलींमध्ये जे जागरण झाले, त्यात रडून पापे कबूल करणे होते आणि नंतर टोळ्याटोळ्यांनी आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला जाणेही होते. हे दुसरे पाहावे. उपास, जागरण, मोठा आवाज, गर्दी यांनीही अंग थरथरते. म्हणून त्या क्षणावरून निवाडा नको. गलती 5:22-23 मधली फळे सहा महिन्यांनी घरच्यांना दिसतात का, हे विचारा. मत्तय 17 मध्येही येशूचे रूप पालटलेले पाहून पेत्राला तीन मंडप उभारून डोंगरावरच राहायचे होते. येशू त्यांना खाली घेऊन आला आणि पायथ्याशी एक आजारी मुलगा व त्याचा हतबल बाप वाट पाहत होते. कुणाला भोवळ येत असेल किंवा झटका येत असेल तर त्याला कुशीवर वळवा, भोवतीची गर्दी हटवा आणि डॉक्टरांकडे न्या. प्रार्थना त्याबरोबर चालू राहू द्या.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. चार महिने रविवारची उपासना चुकते. घरी दहा मिनिटेही सलग मिळत नाहीत. — एक भगिनी, पुणे

ताई, दहा मिनिटांचे दोन तुकडे करा. सकाळी पाच मिनिटे: आठवडाभर एकच उतारा. पहिल्या आठवड्याला योहान 13:1-17 घ्या. रोज नवा अध्याय घेऊ नका. घाईत काही बसत नाही. मोठ्याने वाचा, म्हणजे सासूबाईंनाही ऐकू जाईल. मग ‘मी आज काय करावे’ हा प्रश्न बाजूला ठेवून एवढेच विचारा: इथे येशू कसा आहे? एका ओळीत वहीत लिहा. सातव्या दिवशी सात ओळी होतील आणि त्या सारख्या नसतील.

रात्री पाच मिनिटे: तीच ओळ देवाला परत म्हणा, ‘प्रभू, तू असा आहेस.’ मग एकाच माणसासाठी प्रार्थना. थकून मध्येच डोळा लागला तर अपराधी वाटून घेऊ नका. लूक 9:32 मध्ये येशूचे रूप पालटले त्या डोंगरावर शिष्यांचेही डोळे झोपेने जड झाले होते. गाता येत नसेल, राग येत असेल, तर स्तोत्र 88 वाचा. ते अंधारातच संपते आणि तरीही स्तोत्रसंहितेत आहे.

आणि पाळकांना निरोप द्या. आजाऱ्याच्या घरी प्रभुभोजन नेणे हे त्यांच्या सेवेतच येते. ते येतील तेव्हा शेजारच्या दोन बहिणींना बोलवा, एक ओळखीचे गीत सासूबाईंच्या आवडीच्या चालीवर म्हणा. त्या वेळेपुरती त्यांची खोली हीच मंडळी.