तत्त्वज्ञान मांडणारे व्हिडिओ गेम ही कला म्हणायची का?

तुम्ही विचारलंय की तत्त्वज्ञानाचे प्रश्न हाताळणारे व्हिडिओ गेम कला म्हणवून घेण्याच्या लायकीचे आहेत का, की करमणुकीवरच चार मोठे शब्द चिकटवलेले असतात. माझं उत्तर असं की काही गेम निःसंशय कला आहेत, पण विषय तत्त्वज्ञानाचा आहे म्हणून नव्हे. भारदस्त विषय घेऊन लिहिलेल्या रद्दड कादंबऱ्या आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत. गेममधला विचार खेळणाऱ्याच्या हातून घडतो की नुसता त्याच्या कानावर पडतो, माझ्या लेखी सगळं त्यावर ठरतं.

'पेपर्स, प्लीज' हा गेम घ्या. लुकास पोप या माणसानं तो एकट्यानं बनवला आणि २०१३ साली तो बाजारात आला. साल १९८२, आर्स्टोत्झ्का नावाचा काल्पनिक साम्यवादी देश, आणि तुम्ही सरकारी सोडतीत नोकरी लागलेले, सीमेवरच्या चौकीत बसलेले पासपोर्ट तपासनीस. रांगेतला एकेक जण खिडकीशी येतो आणि कागद पुढे सरकवतो. मुदत संपलेली नाही ना, पासपोर्ट देणारं शहर खरंच त्या देशातलं आहे का, फोटो आणि वजन जुळतं का, हे बघायचं आणि हिरवा किंवा लाल शिक्का मारायचा. बरोबर निकाल दिलेल्या प्रत्येक माणसामागे पाच क्रेडिट (गेममधलं चलन) मिळतात. संध्याकाळी भाडं, जेवण आणि घर गरम ठेवण्याचा खर्च यांचा हिशोब समोर येतो. घरी बायको, मुलगा, सासू आणि काका. कोणी आजारी पडलं तर औषधाचे पैसे वेगळे. सगळं भागेल इतकी कमाई क्वचितच होते.

सुरुवातीच्याच दिवसांत एक माणूस येतो. त्याचे कागद चोख असतात. जाताना सांगून जातो की मागोमाग माझी बायको येतेय, तिच्याशी जरा चांगलं वागा. बायको खिडकीशी येते, पण तिच्याजवळ प्रवेश परवाना नसतो. परत पाठवलंत तर मला मारून टाकतील, असं ती म्हणते. मी तिला आत सोडलं. लगेच छापील चिठ्ठी बाहेर आली: नियमभंग, ताकीद.

आता यातली खरी मेख बघा. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना फक्त ताकीद मिळते, तिसरीपासून पगार कापला जातो. एवढा साधा नियम. पण तो लक्षात आला की माणूस त्या दोन ताकिदी जपून ठेवायला लागतो. कागद बघताना नजरचुकीनं एक वाया गेली तर हळहळतो, कारण आता आणखी एकालाच मोकळेपणानं सोडता येणार. म्हणजे दिवसाला दोन माणसांपुरती दया परवडते आणि ती कोणावर खर्च करायची, हे तुम्ही मनातल्या मनात ठरवायला लागता. गेममधलं एकही पात्र हे बोलून दाखवत नाही. 'नैतिकता' हा शब्दही कुठे येत नाही. पुढेपुढे मी खिडकीत आलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे फक्त तो फोटोशी जुळतो का, एवढ्यासाठीच बघत होतो. विचारवंत हाना आरेंट यांनी नाझी अधिकारी आइकमनच्या खटल्यावर लिहिताना जे मांडलं, की भयंकर गोष्टी करायला राक्षस लागत नाही, विचार न करता आपलं काम चोख करणारा माणूस पुरतो, ते मी आधी वाचलं होतं आणि मला पटलंही होतं. पण वाचताना मी कायम त्या माणसाला बाहेरून बघत होतो. इथे शिक्का माझ्या हातात होता.

याउलट 'बायोशॉक' (२००७). समुद्राच्या तळाशी वसवलेलं शहर, व्यक्तिस्वातंत्र्याच्या अतिरेकी तत्त्वज्ञानावर उभं राहिलेलं आणि त्याच पायी मोडलेलं. हा गेम मला आवडतो. देखणा आहे आणि मध्यावरचा त्याचा तो प्रसिद्ध धक्का अस्सल आहे. आतापर्यंत आपण निमूट पाळलेल्या सूचना आपल्या इच्छेनं पाळल्याच नव्हत्या, हे तिथे कळतं, आणि खेळणारा आपोआप स्वतःकडे बघतो. पण ज्या निवडीचा इतका गाजावाजा झाला तिथे गेम कच खातो. शहरातल्या लहान मुलींना वाचवायचं की त्यांच्या शरीरातलं शक्तिद्रव्य काढून घ्यायचं? काढून घेतलं तर १६० एकक मिळतात, वाचवलं तर ८०. इथपर्यंत ठीक. पण तीन मुली वाचवल्या की घसघशीत भेट येते आणि फरक जवळजवळ भरून निघतो. चांगलं वागण्याची किंमतच उरत नाही. मग तो नैतिक प्रश्न राहत नाही, फक्त शेवट कोणता बघायचा याची निवड राहते. संवाद उत्तम आहेत, पण आकडे संवादांच्या विरुद्ध साक्ष देतात, आणि गेममध्ये मी आकड्यांवर विश्वास ठेवतो.

गेम कला नाहीत असं म्हणणाऱ्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा अमेरिकन चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी मांडला होता. त्यांचं म्हणणं, गेममध्ये खेळणारा निर्णय घेतो, आणि गंभीर कलाकृतीत सूत्रं लेखकाच्या हाती असावी लागतात. २०१० च्या एप्रिलमध्ये तर त्यांनी व्हिडिओ गेम कधीच कला होऊ शकणार नाहीत, असं लिहिलं आणि मोठा गदारोळ उठला. जुलैमध्ये त्यांनी प्रांजळपणे मान्य केलं की गेम न खेळता हे मत मांडायला नको होतं. मत मात्र बदललं नाही. मला त्यांच्या मुद्द्याबद्दल आदर आहे, कारण तो आळशी नाही. पण निर्णय मी घेत असलो तरी त्या निर्णयाची किंमत 'पेपर्स, प्लीज' बनवणाऱ्या पोप यांनी ठरवलेली असते. पाच क्रेडिट, दोन ताकिदी, आजारी मुलगा: लेखकाची पकड तिथे आहे आणि चांगलीच घट्ट आहे. आपल्याकडे ख्याल ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागू नये. बंदिश बांधणाऱ्यानं राग, ताल, सम सगळं पक्कं केलेलं असतं आणि तरीही प्रत्येक गवई ती आपल्या मर्जीनं गातो. म्हणून बंदिश बांधणाऱ्याचं कर्तृत्व कमी झालं, असं कोणी म्हणत नाही.

आणि नियमांतून विचार मांडणं ही काही संगणकाबरोबर आलेली गोष्ट नाही. परंपरेनं ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितला जाणारा मोक्षपट हेच करतो. सद्गुणांच्या घरातून शिड्या वर जातात, दुर्गुणांच्या घरातून साप खाली आणतात आणि सोंगटीचा प्रवास मोक्षाकडे. त्यात खेळणाऱ्याला निवड जवळजवळ नाहीच, सगळं दानावर. आपल्या हातात किती आणि दैवाच्या हातात किती, याबद्दलचं एक ठाम विधानच त्या पटावर मांडलेलं आहे. पुढे आपण त्यातली घरांची नावं पुसून टाकली आणि लहान मुलांची सापशिडी तेवढी ठेवली, याचं मला वाईट वाटतं.

तुम्हाला तत्त्वज्ञान थेट हवं असेल तर योको तारो यांचा 'नीअर: ऑटोमाटा' (२०१७). यात यंत्रांना पास्कल, जाँ-पॉल अशी तत्त्वज्ञांची नावं आहेत, त्यांना अस्तित्वाचे प्रश्न पडतात. हा भाग मला वरवरचा वाटतो. नावं ठेवल्यानं विचार येत नाही. पण या गेमचा खरा शेवट मी विसरू शकत नाही (अजून खेळला नसाल आणि खेळायचा असेल तर हा परिच्छेद सोडा). श्रेयनामावली (गेम बनवणाऱ्यांची नावं) वर सरकत असते आणि तिच्यातल्या नावांशीच लढायचं असतं. ते एकट्यानं जवळपास अशक्य आहे. तुम्ही मरता, पुन्हा मरता. गेम विचारतो, हरलात हे मान्य आहे का? गेम म्हणजे फालतू गोष्ट वाटते का? मग जगभरातल्या अनोळखी खेळाडूंचे संदेश दिसायला लागतात आणि त्यांची विमानं तुमच्याभोवती कडं करतात. गोळ्या ती झेलतात आणि प्रत्येक विमान पडताना त्या खेळाडूचा डेटा गेल्याची सूचना येते. तुम्ही सुटता. त्यानंतर प्रश्न येतो: तुम्हीही अशीच कोणाला मदत कराल? त्यासाठी तुमचं साठवलेलं सगळं पुसलं जाईल. ज्याला मदत होईल तो तुम्हाला अजिबात न आवडणारा माणूसही असू शकेल. हो म्हटलं की तुमच्या डोळ्यांदेखत शस्त्रं, नकाशे, मोहिमा, एकेक पान रिकामं होत जातं. कितीतरी तासांची कमाई, आणि आभार मानायला कोणी नाही. मी 'हो' म्हटलं. त्यागाबद्दलचं कुठलंही भाषण मला त्या अर्ध्या मिनिटाइतकं खरं वाटलेलं नाही, कारण इथे खरंच काहीतरी गेलं.

संस्थांच्या मान्यतेबद्दल थोडक्यात. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं २०१२ मध्ये टेट्रिस, पॅकमॅन, पोर्टल यांच्यासह १४ गेम आपल्या संग्रहात घेतले, तेही वास्तुकला आणि डिझाइन विभागात. त्याआधीच्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं गेमना पुस्तकं-नाटकांसारखंच अभिव्यक्तीचं संरक्षण दिलं होतं. वाद घालायला या गोष्टी कामाच्या आहेत. पण संग्रहालयात आहे म्हणून एखादा गेम मला जास्त भिडला, असं कधी झालेलं नाही.

स्वतः खेळून ठरवायचं असेल तर सुरुवात 'पेपर्स, प्लीज'पासूनच करा. जुन्या लॅपटॉपवरही चालतो, २०२२ पासून मोबाइलवरही आहे. हात सराईत नसला तरी अडत नाही, इंग्रजी मात्र वाचावं लागतं. 'नीअर'ला वेळ द्यावा लागेल. त्याची गोष्ट एकदा संपल्यावर नव्यानं सुरू करावी लागते आणि पुष्कळ जण पहिल्याच शेवटाला संपला समजून थांबतात. खेळताना पात्रं काय बोलतात यापेक्षा गेम तुम्हाला कशाचे पैसे देतो आणि कशाचे कापतो, याकडे लक्ष ठेवा. लेखकाला काय म्हणायचंय ते तिथे सापडतं. आणि एक विनंती: 'पेपर्स, प्लीज' खेळून झाल्यावर परवाना नसलेल्या त्या बाईला तुम्ही आत सोडलंत का, ते इथे जरूर लिहा.