घरी बसून मॅच बघणाऱ्या आणि पैजा लावणाऱ्या नवऱ्याला वाढदिवसाला काय द्यावं?

ताई, तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेतो, म्हणजे तो विषय मिटेल. मिस्टर स्टेडियमवर जात नाहीत, सोफ्यावर बसून क्रिकेटपासून कबड्डीपर्यंत सगळं बघतात, मित्रांशी पैजा लावतात, आणि तुमच्याकडे तीन हजार रुपये आहेत. त्यातले हजार त्यांच्या एखाद्या ॲपच्या खात्यात भरून दिले तर चालतील का, असं तुम्ही विचारलंय.

नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली, आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा जुना वादच त्यात ठेवला नाही. ड्रीम इलेव्हनसारख्या कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा लगेच गुंडाळल्या. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, खेळवणाऱ्याला मात्र तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. तरीही व्हॉट्सॲपवर कोणी ‘आयडी देतो’ म्हणत असेल तर तो बहुतेक देशाबाहेरच्या एखाद्या साइटचा दलाल असतो. तिथे जिंकलेले पैसेसुद्धा अनेकदा कुणाच्या तरी भाड्याने घेतलेल्या खात्यातून येतात. त्या खात्याची सायबर पोलिसांकडे तक्रार झाली की पैसे जिथे जिथे गेले ती खातीही गोठतात. मग घराचा हप्ता ज्या खात्यातून जातो तेच खातं सोडवायला बँकेच्या आणि चौकीच्या पायऱ्या झिजवायच्या. वाढदिवसाची ही भेट नको.

आता मुद्द्याचं. मी पुण्यातल्या क्लबच्या सामन्यांना हौसेने स्कोअरिंग करतो, त्यामुळे पैजा लावणारी मंडळी माझ्या खुर्चीमागेच उभी असतात. माझं मत असं झालंय की त्यातल्या बहुतेकांना पैशांपेक्षा ‘मी म्हटलं नव्हतं?’ हे वाक्य चारचौघांत म्हणायला मिळणं जास्त हवं असतं. पुण्यात तर या वाक्यासाठी माणूस पदरचे पैसे घालेल. तेव्हा हे वाक्य हक्काने म्हणता येईल असं काहीतरी द्या.

म्हणून माझी पहिली शिफारस स्कोअरबुक. खेळाच्या सामानाच्या दुकानात लांबट आकाराचं मिळतं, दोन-तीनशेत काम होतं. सोबत काळं, निळं, लाल अशी तीन पेनं द्या, प्रत्येक गोलंदाजाला वेगळा रंग वापरायला. हसू नका. टीव्हीवर सगळे आकडे दिसत असताना हाताने कशाला लिहायचं, असं वाटेल. पण लिहिणाऱ्याला मॅच वेगळीच दिसते. निर्धाव चेंडूला टिंब, वाइडला अधिकचं चिन्ह, नोबॉलला गोल, बायला त्रिकोण, लेगबायला उलटा त्रिकोण. षटकातले सहाही चेंडू निर्धाव गेले की तीन-तीन टिंबांच्या दोन ओळी जोडून इंग्रजी ‘एम’ काढायचा, त्यातच विकेट पडली तर ‘डब्ल्यू’. असा एक ‘डब्ल्यू’ काढताना जे समाधान मिळतं ते पैज जिंकूनही मिळत नाही. डाव संपल्यावर खरी मजा: फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर (वाइड, नोबॉल, बाय, लेगबायच्या धावा) बरोबर एकूण धावसंख्या आली पाहिजे, आणि गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय-लेगबाय केल्यावरही तोच आकडा आला पाहिजे. वाइड आणि नोबॉल गोलंदाजाच्या खात्यावर चढतात, बाय-लेगबाय चढत नाहीत. नवशिक्याचा हिशोब नेमका इथे चुकतो. तो जुळवण्यात माणूस अर्धा तास रमतो, आणि तेवढा वेळ मोबाइल हातात नसतो.

दुसरी गोष्ट विकत घ्यायला फार काही लागत नाही. दोन बाय तीन फुटांचा पांढरा फळा, एक मार्कर आणि बरणीभर चिंचोके. होय, चिंचोके. लहानपणी सारीपाटाला वापरायचो तेच. सीझन सुरू होताना मित्रमंडळातल्या प्रत्येकाला पन्नास मोजून द्यायचे आणि पैज त्यांचीच लावायची. तेच पन्नास आयपीएलभर पुरवायचे. २०२५ ला ७४ सामने होते, म्हणजे जपूनच लावावे लागतात. ज्याचे संपले त्याने चहा करायचा, भांडी विसळायची किंवा सगळ्यांना मस्तानी पाजायची. उसने देणं-घेणं नाही, हा नियम फळ्यावर कायमचा लिहून ठेवा.

प्रश्न मात्र चांगले काढायला हवेत. ‘कोण जिंकेल’ हा सगळ्यात कंटाळवाणा प्रश्न. पॉवरप्लेनंतर धावा किती, एकोणिसावं षटक कोण टाकेल, अवांतर दहाच्या वर जातील का, शेवटच्या षटकात किती गडी बाद होतील, असे विचारा. २०१७ ची आयपीएल फायनल आठवते ना? आपल्या रायझिंग पुणे सुपरजायंटला शेवटच्या षटकात अकरा हव्या होत्या, मिचेल जॉन्सनच्या पहिल्याच चेंडूवर चौकार बसला, आणि पुढच्या दोन चेंडूंवर मनोज तिवारी आणि स्टीव्ह स्मिथ गेले. एका धावेने हरलो. ‘कोण जिंकेल’वर पैज लावणाऱ्यांना अजून तो दिवस आठवून त्रास होतो, ‘शेवटच्या षटकात किती बाद’वर लावलेला कोणी असेल तर तो आजही सांगत फिरत असेल.

वस्तूच द्यायची असेल तर राउटरसाठीचा मिनी यूपीएस घ्या, म्हणजे लाइट गेली तरी वायफाय चालू ठेवणारी छोटी बॅटरी. दीड-दोन हजारांच्या आसपास मिळतो. घरात इन्व्हर्टर असला तरी उपयोगी पडतो, कारण लाइट गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हायला जो क्षण लागतो तेवढ्यात बरेच राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतात, आणि मॅच परत दिसेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात. वळवाचा पाऊस आणि आयपीएल एकाच वेळी येतात, त्यामुळे हे दर वर्षी होतं. घ्यायच्या आधी राउटरच्या ॲडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय त्याचा फोटो काढून दुकानात दाखवा. बहुतेक बारा व्होल्टचे असतात, पण सगळे नाहीत. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हीला पुरेल असाच घ्या.

एक गोष्ट कुठल्याच भेटीने सुटत नाही: ॲपवर दिसणारी मॅच सेटटॉप बॉक्सपेक्षा काही सेकंद मागे असते. शेजारचे काका ‘आउट!’ म्हणून ओरडतात तेव्हा आपल्याकडे गोलंदाज अजून रनअपला वळतोय. राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅन केबल टाकली तर चित्र अडकणं कमी होतं, पण हा उशीर जात नाही. काकांशी गोड बोलणं हा एकच उपाय, आणि तो पुण्यात अवघड आहे.

हेडफोन देणार असाल तर ब्लूटूथचे घेताना जपून. काही टीव्हींना जोडले की आवाज चित्रामागून येतो, बॅट फिरून झाल्यावर टक्क ऐकू येतं. दुकानात लावून बघता आले तरच घ्या. साउंडबार तीन हजारांत बरा मिळणं कठीण, सोडून द्या.

जर्सीबद्दल एवढंच: भारतीय संघाच्या टी-शर्टवरून ड्रीम इलेव्हनचं नाव त्याच कायद्यानंतर गेलं आणि सप्टेंबर २०२५ पासून अपोलो टायर्स आलं. सवलतीत मिळणारी जर्सी नीट बघून घ्या. कबड्डी खरंच आवडत असेल तर पुणेरी पलटणची भगवी जर्सी जास्त आवडेल. २०२४ मध्ये प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचं विजेतेपद आपलं होतं.

भिंतीवर लावायला काही हवं असेल तर भाऊसाहेब निंबाळकरांच्या डावाचं धावफलक मोठ्या कागदावर छापून फ्रेम करा. डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान, काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या तेव्हाच्या विक्रमी ४५२ ला नऊ धावा कमी असताना समोरच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला. महाराष्ट्र तेव्हा ४ बाद ८२६! घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्या फ्रेमसमोर थांबेल आणि मिस्टरांना ती गोष्ट सांगायची संधी मिळेल. सोफ्यावरून त्यांना उठवायचंच असेल तर सहकारनगरचं ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे क्रिकेटचं संग्रहालय आहे, फोन करून वेळ विचारून जा. आणि पैशांची पैज लावल्याशिवाय करमतच नसेल तर पावसाळ्यात कॅम्पातल्या रेसकोर्सवर घोड्यांच्या शर्यती असतात. खिडकीवर रोख देऊन तिकीट घ्यायचं, ठरवलेले पाचशे संपले की एम्प्रेस गार्डनमध्ये चक्कर मारून घरी.

हे सगळं हौशी माणसासाठी. तुम्ही लिहिलेल्या एका ओळीने मात्र मी थोडा थबकलो: ते हरल्यावर आकडा सांगत नाहीत, असं तुम्ही म्हणता. मित्रांमधल्या शे-दोनशेच्या पैजा असतील तर काही नाही. पण उसनवारी, मध्यरात्री कुठल्यातरी देशातली अनोळखी लीग बघणं, फोन पालथा ठेवणं असंही दिसत असेल तर भेट राहू द्या, आधी बोला. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि घरच्यांनी फोन केला तरी चालतो.

तसं काही नसेल तर मिनी यूपीएस, स्कोअरबुक आणि फळा मिळून तीन हजारांत बसतं. चिंचोके घरच्या चिंचेतले काढा. वाढदिवस मॅचच्या दिवशी येत असेल तर पुडकं टॉसच्या आधी हातात द्या. नंतर दिलंत तर ते इनिंग ब्रेकपर्यंत उघडलं जाणार नाही.