केटी लागली म्हणजे सिव्हिल घेणं चुकलं का?

मी समुपदेशक आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचे निकाल लागले की मला येणारे फोन साधारण एकाच वाक्याने सुरू होतात. कधी कळव्याहून आई बोलते, कधी ऐरोलीहून बाबा, कधी मूल स्वतःच. "मॅडम, सिव्हिल घेऊन चूक झाली. सोडायचं का?" केटी, म्हणजे नापास होऊन मागे राहिलेला विषय, कुठला असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, एसओएम, म्हणजे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स: भार आल्यावर साहित्य किती ताणतं, कसं वाकतं याचा विषय. तेच तेच सांगावं लागतं, म्हणून एकदा लिहून ठेवते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी कोपरखैरण्याची. वडील वाशीच्या एपीएमसी मार्केटात माथाडी, गाव साताऱ्याकडचं. दहावीला भरघोस मार्क. कॉम्प्युटर थोडक्यात हुकलं आणि प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये सिव्हिल मिळालं, ते घेतलं. वडील खुर्चीच्या कडेवर टेकून म्हणाले, "पोरगी म्हनती माझं डोकंच नाही त्यात. आमाला यातलं काय कळतंय? तुमी सांगा, काढू का तिला?"

मुलगी मान खाली घालून बोलली, "मी इंजिनिअरिंगसाठी बनलेलीच नाही."

असं वाक्य कानावर आलं की मी सावध होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांवर माझी भिस्त आहे. एका पेपरावरून अख्ख्या माणसाचा निकाल लावायचा नाही, हे मी त्यातूनच शिकले. म्हणून तिला धीरही दिला नाही आणि 'तू हुशार आहेस' असंही म्हटलं नाही. पुष्कळ हितचिंतक सुचवतात, की मुलांना अटल सेतूवरून फिरवून आणा, उमेद येईल. जानेवारी 2024 मध्ये खुला झालेला तो 21.8 किलोमीटरचा पूल भव्य आहे, प्रश्नच नाही. पण साध्या बीमच्या, म्हणजे आडव्या तुळईच्या, रिअ‍ॅक्शन (टेकूंनी भाराला दिलेला उलटा जोर) काढताना अडलेल्या पोराला तो दाखवला, की ते आणखीच खचतं. मी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवते.

मला गणित कळत नाही, आणि इथे ते सोयीचं पडतं. तिला म्हटलं, मला शिकव. प्रश्न असा होता: दोन टेकूंमध्ये 6 मीटर अंतर, उजवीकडे 2 मीटर बीम टेकूच्या बाहेर आलेला, आणि पूर्ण लांबीवर सारखा पसरलेला भार (यूडीएल), मीटरला 10 किलोन्यूटन. तिने डब्ल्यू एल स्क्वेअर बाय आठ हे सूत्र लावून मधोमध मोमेंट (बीमला वाकवणारा परिणाम) 45 लिहिलं होतं आणि दोन्ही टेकूंवर शून्य. त्यावर तांबडी फुली.

"हे सूत्र इथे का लावलंस?"

"यूडीएल दिसला की तेच लावायचं. पाठ आहे."

आमच्या ठाण्याच्या बिल्डिंगमध्ये दुरुस्ती चालली होती, तेव्हा कंत्राटदार म्हणाला होता की बाल्कनीची मुख्य सळई स्लॅबमध्ये वरच्या बाजूला असते. ते आठवलं, म्हणून सहज विचारलं, "वर का गं?"

तिने क्षणाचाही विचार केला नाही. टेबलावरची प्लॅस्टिकची पट्टी दोन कपांवर ठेवली, एक टोक बाहेर काढलं आणि ते बोटाने दाबलं. "बघा ना मॅडम, कपावर पट्टीची वरची बाजू ताणली जाते. काँक्रीटला ताण सोसत नाही, म्हणून स्टील तिथे." बोलता बोलता ती थांबली. पट्टीकडे पाहिलं, मग पेपराकडे. "मग मी इथे टेकूवर शून्य कसं लिहिलं?"

मी गप्प राहिले. अशा वेळी समुपदेशकाने मध्ये बोलू नये, आणि ते गप्प राहणं मला चांगलं जमतं, असं माझं मत आहे. तिने पेन घेतलं. बाहेरच्या 2 मीटरवरचा भार 20, तो टेकूपासून सरासरी 1 मीटरवर, म्हणजे टेकूवर मोमेंट 20, तोही उलट्या दिशेचा. मग रिअ‍ॅक्शन पुन्हा काढल्या. दोन टेकूंमधला सगळ्यात मोठा मोमेंट साडेपस्तीसच्या आसपास आला, 45 नव्हे. सगळं तिचं तिनेच केलं.

डोकं होतंच. प्रश्न वेगळा होता: वर्गात हे अडलं तेव्हा ती का थांबली नाही?

"हात वर केला असता तर सगळ्यांना कळलं असतं, मला येत नाही ते."

"कळलं असतं तर?"

"हसले असते."

"आणि हसले असते तर?"

ती जरा विचारात पडली. "दोन दिवस वाईट वाटलं असतं."

"आणि आता किती दिवस वाटतंय?"

ती पहिल्यांदा हसली. हा प्रश्न मी अनेकांना विचारते आणि तो क्वचितच वाया जातो. 'मला आलंच पाहिजे, तेही लगेच' असा हट्ट ज्याच्या मनात बसतो, त्याला 'समजलं नाही' हे शब्द उच्चारणं अशक्य होतं. मग तो पाठांतराच्या आडोशाला जातो. दहावीपर्यंत पाठांतर निभतं, एसओएमला निभत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक केट्यांच्या मुळाशी मला हाच हट्ट सापडतो.

आता सांगायचं ते सांगते. निकालाच्या आठवड्यात शाखा सोडायचा निर्णय घेऊ नका. आधी नेमकं कुठे अडतंय ते शोधा. बऱ्याच वेळा ते एसओएममध्ये नसतंच, पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्समधल्या फ्री बॉडी डायग्राममध्ये, म्हणजे एका वस्तूवरचे सगळे जोर दाखवणाऱ्या चित्रात, असतं. सूत्राला हात लावण्याआधी बीम कसा वाकेल ते हाताने काढा आणि ताणाची बाजू ओळखा. आठवड्यातून एकदा तरी सरांना 'इथे समजलं नाही' असं सगळ्यांसमोर सांगा. घाबरतच सांगा, पण सांगा. आणि ही केटी 'शेवटी काढू' म्हणून मागे टाकू नका. स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिस याच मोमेंटवर उभं आहे, आणि पुढे आयएस 456 (काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक) घेऊन आरसीसी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटचं, डिझाइन करताना सळई किती आणि कुठे टाकायची हे त्यावरूनच ठरतं.

काही जणांसाठी सिव्हिल खरंच योग्य नसतं. एकाला मी स्वतः बाहेर पडायला मदत केली आहे. पण त्याला जे विषय छान येत होते, तेही आवडत नव्हते. या मुलीला सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला जेवणाची सुट्टी झालेली कळायची नाही.

वडिलांना मी एवढंच सांगितलं, "काढू नका. आणि घरी एसओएमचं नाव काढू नका." त्यांनी पहिली गोष्ट पाळली. केटी सुटली, मार्क बेताचे. आता ती आरसीसीला अडली आहे आणि तसं वर्गात सांगतेही.

एक मात्र वेगळं. मूल झोपत नसेल, जेवत नसेल, 'मी नसलेलंच बरं' असं बोलत असेल, तर बीम-बिम बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालू असते, आणि तिथे मराठीत बोलता येतं.