प्रश्न तुमचे: पॅरागँगलिओमाची गाठ आणि घरातली माणसे

प्रश्न: काकांच्या मानेतली गाठ काढली. निदान पॅरागँगलिओमा (मज्जातंतूंशी जोडलेल्या पेशींची गाठ; काही गाठी अ‍ॅड्रेनलिनसारखी संप्रेरके सोडून बीपी वाढवतात), जनुक तपासणीत ‘एसडीएचडी’ या जनुकात दोष. वडील साठीचे आहेत. त्यांना आणि आत्याला काहीच त्रास नाही. आम्ही भावंडांनी आणि आत्याच्या मुलांनी तपासणी करावी का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: सुरुवात वडिलांपासून करा, तुमच्यापासून नाही. एसडीएचडीची रीत विचित्र आहे: दोष वडिलांकडून आला तर गाठी होतात, आईकडून आला तर जवळजवळ कधीच होत नाहीत. म्हणजे काकांना तो बहुधा आजोबांकडून आला, आणि तुमचे वडील व आत्या या दोघांतही तो असण्याची शक्यता प्रत्येकी 50 टक्के. वडिलांमध्ये तो नसेल तर तुमचा विषय तिथेच संपला. असेल तर तुम्ही आणि बहीण, दोघांनीही तपासणी करायची. ‘त्रास नाही’ यावर विसंबू नका. मानेतल्या या गाठी वर्षानुवर्षे सावकाश वाढतात आणि बहुतेकदा बीपीही वाढवत नाहीत.

आत्याचा हिशेब वेगळा. तिच्यात दोष असेल तर तिला स्वतःला धोका आहे. तो तिच्या मुलांत उतरू शकतो, पण ती मुले आजारी पडण्याची शक्यता नगण्य. आत्याच्या मुलाची मुले मात्र पुन्हा धोक्यात येतात, मुलीची येत नाहीत. मधली एक पिढी निरोगी राहते ती अशी, आणि ‘आमच्याकडे कुणाला नाही’ हे छातीठोकपणे सांगणारी घरे इथेच फसतात.

लॅबमध्ये जाताना काकांच्या रिपोर्टची प्रत न्या आणि ‘त्यांच्यात सापडलेला तोच बदल शोधा’ असे सांगा. अनेक जनुकांची एकत्र तपासणी (पॅनल) पुन्हा करण्यापेक्षा हे स्वस्त पडते आणि उत्तरही नेमके मिळते. पण रिपोर्टवर ‘व्हीयूएस’, म्हणजे अर्थ अनिश्चित, असा शेरा असेल तर त्याच्या आधारावर नातेवाइकांची तपासणी करू नये.

प्रश्न: पोटातल्या पॅरागँगलिओमाचे माझे ऑपरेशन झाले. दोष ‘एसडीएचबी’त आहे. मुलगी 8 वर्षांची आहे. इतक्या लवकर तपासणी हवी का? (एक आई, नाशिक)

उत्तर: हवी. एसडीएचबीत आई-वडील हा भेद नसतो, दोष कुणाकडूनही आला तरी धोका तोच. दोष असलेल्या अनेकांना आयुष्यभर गाठ होत नाही, पण ज्यांना होते त्यांच्यात ती हाडे, यकृत, फुप्फुसांत पसरण्याचे प्रमाण इतर जनुकांपेक्षा बरेच जास्त. म्हणून एसडीएचबीत तपासणी 6 ते 10 वर्षांच्या दरम्यान सुरू करतात, बाकीच्या एसडीएच जनुकांत 10 ते 15 व्या वर्षी.

आधी मुलीची जनुक तपासणी करा. दोष नसेल तर पुढचे काहीच नको. असेल तर दरवर्षी डॉक्टरांकडून तपासणी आणि बीपी, दोन वर्षांनी मेटानेफ्रिन (अ‍ॅड्रेनलिनसारख्या संप्रेरकांपासून बनणारे घटक) तपासणे, दोन-तीन वर्षांनी मान ते ओटीपोट एमआरआय. मुलांत सीटी आणि पेट स्कॅन शक्यतो टाळतात, किरणोत्सार नको म्हणून. तुमचा स्वतःचा पाठपुरावा आयुष्यभराचा आहे. पाच वर्षे झाली म्हणून तो बंद करू नका.

प्रश्न: रक्तातले मेटानेफ्रिन मर्यादेच्या दीडपट आले. गाठ नक्की समजायची का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: नाही. रक्त बसून घेतले असेल तर एवढी वाढ सहज दिसते. 20 ते 30 मिनिटे शांत आडवे पडून, त्याच स्थितीत नमुना द्या. आधी चहा-कॉफी, सिगारेट नको. अ‍ॅमिट्रिप्टिलिन, व्हेन्लाफॅक्सिन यांसारख्या गोळ्यांनीही आकडा वाढतो, पण त्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. तिप्पट-चौपट वाढ मात्र गांभीर्याने घ्यायची.

तोवर मानेत किंवा पोटात गाठ दिसली तरी सुई घालून नमुना घेऊ देऊ नका. गाठीला रक्तपुरवठा भरपूर असतो; रक्तस्राव होऊ शकतो किंवा बीपी एकदम भडकू शकते. ऑपरेशन ठरले तर आधी 7 ते 14 दिवस रक्तवाहिन्या आकसू न देणारे अल्फा-ब्लॉकर (प्राझोसिन, डॉक्साझोसिन), सोबत मीठ आणि पाणी जास्त. नाडी जलद असेल तर ती मंद करणारे बीटा-ब्लॉकर (उदा. प्रोप्रानोलोल), पण अल्फा नीट लागू झाल्यावरच. क्रम उलटला तर रक्तवाहिन्या सैल करणारा मार्ग बंद होतो, आकसणारा मोकळा राहतो, आणि बीपी जिवावर बेतेल इतके चढते. धडधड होते म्हणून घरात पडलेली प्रोप्रानोलोलची गोळी घेणे म्हणूनच धोक्याचे.