टेक पीआरमध्ये पहिलं पाऊल

बाय, इथे गोव्यात, पर्वरीत बसून टेक कंपन्यांचं पीआर, म्हणजे जनसंपर्काचं काम, करता येईल का, असं विचारलंस. येईल. पुढे व्हेंचर कॅपिटलकडेही, म्हणजे नव्या कंपन्यांत पैसा गुंतवणाऱ्यांकडेही, वळता येईल. मार्गिट वेनमाखर्सने १९९७ साली आउटकास्ट ही पीआर संस्था भागीदारीत काढली आणि २०१० मध्ये ती अँड्रीसन हॉरोविट्झ या गुंतवणूक कंपनीत गेली, तीही भागीदार म्हणून.

सुरुवातीला थोडंच सांभाळ. उत्पादन स्वतः वापरून बघ, अडलं तर इंजिनिअरला विचार, लाजू नको. पत्रकाराचे मागचे लेख वाचल्याशिवाय त्याला मेल टाकू नको. एकच प्रेस नोट इथल्या मराठी दैनिकाला आणि बंगळूरच्या टेक पत्रकाराला जशीच्या तशी धाडणं, ही नवख्यांची हमखास चूक. मीही केली होती. एक ओळसुद्धा छापून आली नाही. म्हापशाच्या वाचकाला इथल्या मुलांना काम मिळणार का हे हवं असतं, तिकडच्याला ग्राहक किती आणि पैसा कुणाचा. आणि बातमी येईलच, असा शब्द क्लायंटला कधीच देऊ नको. ते संपादक ठरवतो.

टर्म शीट (गुंतवणुकीच्या अटींचा कागद), व्हॅल्युएशन (कंपनीची ठरवलेली किंमत) वगैरे सध्या बाजूला ठेव. आधी दोन संस्थापकांना भेट, त्यांचा धंदा चार ओळींत लिही आणि मला दाखव.