ग्रीन कार्ड येईपर्यंत कर कसा भरायचा?

प्रश्न : मुलगी एफ-१ व्हिसावर अमेरिकेत शिकते. गेल्या वर्षी तिने तिथल्या नागरिकाशी लग्न केलं; ग्रीन कार्डाचा अर्ज, आय-४८५, अजून प्रलंबित आहे. रिटर्न कोणतं भरायचं? सोलापुरातल्या बँकेत तिच्या नावे मुदत ठेव आहे. आणि गड्ड्याच्या जत्रेला ती घरी येऊ शकेल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : शेवटचं आधी. अ‍ॅडव्हान्स परोल, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी, हातात नसताना ती देशाबाहेर पडली, तर आय-४८५ सोडून दिला असं धरतात. त्यासाठीचा अर्ज आय-१३१. तो मंजूर झाल्यावरच तिकीट काढा.

करासाठी ग्रीन कार्डाचा अर्ज नव्हे, अमेरिकेतल्या मुक्कामाचे दिवस मोजतात. यंदाचे सगळे, गेल्या वर्षीचे एक तृतीयांश, त्याआधीच्या वर्षाचे एक षष्ठांश. बेरीज १८३ आणि यंदाचे किमान ३१ भरले की ती करापुरती रहिवासी. मात्र एफ-१ विद्यार्थ्याची साधारणपणे पहिली ५ कॅलेंडर वर्षं या मोजणीत येतच नाहीत. गल्लत होते ती इथेच.

३१ डिसेंबरला विवाहित असल्याने ‘सिंगल’ लिहू नये. ती अनिवासी ठरली तरी तिला रहिवासी धरावं असं दोघांच्या सहीचं निवेदन जोडून १०४०, म्हणजे रहिवाशांचा रिटर्न फॉर्म, नवऱ्यासोबत एकत्र भरता येतो; कर बहुधा कमी बसतो. पण मग इथल्या ठेवीचं व्याजही दाखवावं लागतं, टीडीएस कापला असला तरी. दिवसांच्या हिशेबाने रहिवासी ठरली आणि भारतातली सगळी खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरवर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, वेगळा. तो रिटर्नसोबत जात नाही, फिनसेन या अमेरिकी सरकारी यंत्रणेकडे ऑनलाइन भरतात.

इथलं बचत खातं अजून साधंच असेल, तर बँकेत सांगून एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्या.